जूनमध्ये रोप, मार्चमध्ये काडी



द्राक्षाची काढणी तोंडावर आली आहे, उन्हाळ कांदा उभा आहे, त्यामुळे या आठवड्याची नोंद कांद्यावरच्या फुलकिड्यांची येईल असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. ती पुढच्या वेळी. आज डोंगराचं बोलायचं आहे, कारण गवत पिवळं पडलं की काडी टाकणारे हात शिवशिवायला लागतात. महिनाभराने लिहून उपयोग नाही. तेव्हा डोंगर काळा झालेला असेल आणि आपण नेहमीसारखे "कुणीतरी लावला" म्हणून मोकळे होऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे वणवा लागत नाही, लावला जातो. मार्च-एप्रिलमध्ये विजा पडत नाहीत असं नाही, पण कोरड्या विजेनं बोरगड पेटला, रामशेजची सोंड पेटली, अंजनेरीचा उतार पेटला, असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. बांबू घासून आग लागते ही गोष्ट पोरांना सांगायला बरी आहे. आपल्या डोंगरांवर घासायला बांबू तरी कुठे उरलाय? आग माणसाच्या हातून लागते. काही वेळा निष्काळजीपणानं, आणि बऱ्याच वेळा मुद्दाम.

मुद्दाम लावणारे कोण? ससा-तितर बाहेर काढायला लावणारे आहेत. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला साफ करायचा म्हणून लावणारे आहेत. "जाळलं की गवत जोमानं येतं" या भरवशावर लावणारे आहेत. आणि गेल्या काही वर्षांत यात एक नवी जात आलीय, ती म्हणजे पंधरा ते पंचवीस वयाची पोरं. त्यांना ना ससा पाहिजे, ना मोह, ना गवत. संध्याकाळी मोटारसायकली घेऊन पायथ्याला बसायचं, आणि जाताना गंमत म्हणून काडी टाकायची. पेटलेला डोंगर रात्री लांबून छान दिसतो, मोबाइलवर चांगला येतो. एवढंच कारण.

याच पोरांविषयी आज लिहितोय. आणि त्यांच्यापेक्षा जास्त आपल्याविषयी.

जळतं काय, ते आधी बघू

नाशिकजवळचा बोरगड २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला. महाराष्ट्रातलं हे पहिलं संवर्धन राखीव. साधारण साडेतीनशे हेक्टरचा डोंगर. वनखातं, नेचर कन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिक ही संस्था आणि पायथ्याचं तुंगलदरा गाव यांनी मिळून तो राखायचं ठरवलं. उघडा पडलेला डोंगर पुन्हा झाडीखाली यायला लागला. पुढे येवल्याकडे काळवीटांसाठी ममदापूरला तसाच दर्जा मिळाला, आणि त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीलाही.

अंजनेरीवर खर्चुडीची एक जात आहे. कंदिलासारखं फूल येतं म्हणून कंदीलपुष्पही म्हणतात. या जातीची शास्त्रात पहिली नोंद २००६ मध्ये झाली आणि तिला नावच अंजनेरीचं मिळालं. त्याच डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. हिवाळ्यात अंडं, आणि फेब्रुवारी-मार्चला घरट्यात पिल्लू, ज्याला अजून उडता येत नाही. नेमक्या त्याच महिन्यात खाली उतारावर कुणी काडी टाकतो. धूर कुठे जातो? सरळ कड्याला लागून वर. मोठी गिधाडं उडून जातील. पिल्लानं काय करायचं?

ही झाली ज्याचं नाव पेपरात येतं त्याची गोष्ट. ज्याचं नाव येत नाही ते जास्त आहे. लावा, तितर, टिटवी, चंडोल हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे. घोरपड, सरडे, साप. तुम्ही म्हणाल, साप मेला तर बरं. गव्हात आणि कांद्याच्या चाळीत उंदीर झाले की मग गोळ्या आणायला पळता, तेव्हा आठवण ठेवा.

आणि मधमाश्या. ज्यांच्या शेतात आता कांद्याचं डेंगळं उभं आहे त्यांनी हे नीट वाचावं. कांद्याच्या फुलाला बी धरायचं तर किडा-माशी लागते. एका फुलातलं परागकण आधी गळतं, त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे पराग दुसरीकडून आणावाच लागतो. आपल्याकडे आता लोक मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून ठेवतात. भाडं देऊन माशी आणायची, आणि फुकटची माशी जिथे राहते ती डोंगराची कपार आणि झाडाची ढोली पेटताना बघत बसायचं. याला शेती म्हणायची का?

"जाळलं की गवत चांगलं येतं"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. ते खोटं आहे असं नुसतं ओरडून भागणार नाही, कारण माणसानं डोळ्यांनी बघितलेलं असतं. जाळलेल्या जागेवर पहिल्या पावसानंतर हिरवं लवकर दिसतं, हे खरं. का दिसतं? जुनं वाळलेलं गवत वर आडवं पडलेलं नसतं, म्हणून कोवळा कोंब लगेच नजरेला येतो. शेजारच्या न जाळलेल्या तुकड्यात कोंब तेवढेच असतात, फक्त जुन्या गवताच्या आड असतात. बोटांनी बाजूला सारा, दिसतील.

आता राखेचं. राखेत पालाश असतं, चुना असतो, हे बरोबर. पण गवतातलं नत्र आणि गंधक आगीत बरंचसं हवेत जातं. ज्या नत्रासाठी आपण युरियाच्या रांगेत उभे राहतो तेच नत्र तिथे धूर होऊन उडतं. मागे राहिलेली राखही उतारावर थांबत नाही. जूनचा पहिला वळीव आला की राख आणि तिच्याबरोबर वरची बोटभर माती नाल्यात. सपाट शेतात राख टाकणं वेगळं, आणि डोंगराच्या उतारावर राख करणं वेगळं.

तिसरी गोष्ट गवताच्या जातीची. आपल्या डोंगरांवर पवन्या आणि मारवेल ही जनावरांची आवडती गवतं. दरवर्षी आग आणि त्यावर लगेच चराई असा मारा झाला की ती कमी होत जातात आणि कुसळीचं राज्य येतं. याचं कारणही कुसळातच आहे. कुसळाचं बी ओल-कोरड बघून स्वतःला पीळ देतं आणि स्क्रूसारखं जमिनीत घुसतं. वरून आग गेली तरी ते खाली सुरक्षित. पाच-सात वर्षं सलग जाळलेला डोंगर बघा: गवत भरपूर दिसेल, पण शेळीच्या तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत रुततं ते. मग आपण म्हणतो डोंगराला चारा राहिला नाही. चारा आपणच बदलला.

आणि चौथी गोष्ट पाण्याची. आग लागलेल्या जागेवर एक बाटली पाणी ओता. शेजारी, पाचोळा असलेल्या जागेवर दुसरी ओता. कुठलं पाणी वाहतं आणि कुठलं मुरतं ते बघायला पदवी लागत नाही. डोंगराच्या पायथ्याला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी हे करूनच बघावं.

"मग खातं स्वतः जाळरेषा कशी जाळतं?" हा प्रश्न येतोच. जाळरेषा ही पट्टी असते. आधी गवत कापून, हवा शांत असताना, माणसं दोन्ही बाजूंना उभी करून जाळतात, म्हणजे पुढे आग आली तर तिथे अडावी. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता वाऱ्याच्या तोंडावर टाकलेली काडी म्हणजे जाळरेषा नव्हे. डॉक्टरही सुरी चालवतो म्हणून सुरी चालवणारा प्रत्येक जण डॉक्टर होत नाही.

दोष कुणाला द्यायचा

वणवा लागला की शहरातून पहिला आवाज येतो, "आदिवासी लावतात." हे मला मान्य नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे भात-नागलीच्या रोपासाठी राब भाजतात. पण राब आपल्या वाफ्यावर असतो, पाला-शेण-गवताचे थर रचून, कडेची जागा साफ करून, माणूस राखणीला ठेवून. आग ताब्यात कशी ठेवायची हे त्या माणसाला माझ्या-तुमच्यापेक्षा जास्त कळतं. राबाची आग कधी निसटत नाही असं मी म्हणत नाही. निसटते. त्याला उपायही आहेत. गादीवाफ्यावर रोप करता येतं. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातलागवडीत तर रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख वापरायला सांगितलीय, म्हणजे राखही मिळते आणि डोंगराचा पालाही वाचतो. हे कृषी सहायकानं वाफ्यावर जाऊन दाखवायला पाहिजे. पण रविवारी नाशिकहून आलेल्या टोळक्यानं चूल मांडून मागे ठेवलेला निखारा आणि राबाचा निखारा एका तागडीत घालू नका.

गावातून दुसरा आवाज येतो, "हे वनखात्याचं काम." एका वनरक्षकाच्या बीटात शेकडो हेक्टर डोंगर असतो. उन्हाळ्यात जोडीला हंगामी मजूर आणि एखादा फुंकणारा ब्लोअर. खात्याला प्रश्न जरूर विचारा. जाळरेषा वेळेत झाल्या का, मजुरांचे पैसे वेळेत निघाले का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि विचारलंच पाहिजे. पण आपल्या गावचं पोरगं काडी टाकत असताना रेंज ऑफिसकडे बोट दाखवणं म्हणजे घरात चोर ठेवून पोलीस पाटलाला शिव्या घालणं.

तिसरा आवाज सगळ्यात घातक. "पोरं आहेत, जाऊ द्या."

जाऊ दिलं म्हणूनच इथवर आलंय. पोरगं काडी टाकायला शिकलं कुठे? शाळेत? मोबाइलवर? नाही मंडळी. बांधावर शिकलं. ऊस तुटला की पाचट पेटव, गहू निघाला की काड पेटव, द्राक्षाची छाटणी झाली की काड्या पेटव, बांधाचं गवत वाढलं की पेटव. घराघरात मोठ्या माणसाच्या हातात काडीपेटी बघत ते वाढलं. त्याच्या डोक्यात बसलं की वाळलेलं म्हणजे पेटवायचं. त्यानं तेच बांधाऐवजी डोंगराला केलं. आता आपण त्याला "निसर्गाचा शत्रू" म्हणणार?

ज्या घरात बांध पेटतो त्या घरातल्या पोराला डोंगर वाचवायचं भाषण देऊ नका. ते हसतं, आणि बरोबर हसतं.

शाळेत काय शिकवतात

आपल्याकडे पर्यावरण शिकवत नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच सगळ्या शाळांना पर्यावरण विषय सक्तीचा करायला लावला. राष्ट्रीय हरित सेना आहे. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं आहेत. ५ जूनला प्रभातफेरी, १ जुलैपासून वनमहोत्सव. २०१६ मध्ये राज्यानं एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचं ठरवलं, मग चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ ला तेहतीस कोटी. शाळेच्या पोरांनी रोपं लावली, फोटो निघाले.

माझा मुद्दा साधा आहे. वणव्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे. आपलं पर्यावरण शिक्षण होतं जून-जुलैत, पाऊस पडल्यावर, जेव्हा डोंगर पेटवायचा म्हटलं तरी पेटत नाही. फेब्रुवारी-मार्चला पोरं परीक्षेत, एप्रिल-मेला सुटीवर मोकळी. म्हणजे रोग यायच्या वेळी औषध बंद, आणि रोग गेल्यावर फवारणी. द्राक्षाला असं केलं असतं तर बाग राहिली असती का?

दुसरं, शिकवतात ते भिंतीवर. "झाडे लावा, झाडे जगवा." गवताविषयी एक अक्षर नाही. पोराच्या मनात निसर्ग म्हणजे झाड. गवत म्हणजे कचरा. डोंगरावर झाड नाही, नुसतं वाळलेलं गवत आहे, मग जळलं तर काय बिघडलं? मी गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या दहावीच्या एका पोराला हटकलं होतं. त्यानं मला शांतपणे विचारलं, "काका, पावसात परत हिरवं होतंच की. मग गेलं काय?" उर्मटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच माहीत नव्हतं. दहा वर्षं शाळेत गेलेल्या, डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या पोराला गवतात काय राहतं ते माहीत नाही. यात त्या पोराचा दोष किती आणि आपला किती, ज्यानं त्यानं ठरवावं.

तिसरं, शिकवणारे चुकीचे. शहरातून गाडी भरून माणसं येतात, पडद्यावर वाघ-हत्ती दाखवतात आणि जातात. पोराला वाटतं जंगल म्हणजे ताडोबा. आपल्या डोंगरावर कुठला वाघ? इथे शिकवायला ज्या माणसाला पवन्या आणि कुसळी लांबून ओळखता येते तो पाहिजे. तो गावातच आहे, गुरं राखतोय, आणि त्याला कुठल्याच शाळेनं कधी बोलावलं नाही.

मग काय करायचं

मी शिक्षणतज्ज्ञ नाही, दहावी पास शेतकरी आहे. पण रोप कधी लावायचं आणि फवारा कधी मारायचा एवढं कळतं. त्यावरून सांगतो.

पहिलं, वेळ. हे शिक्षण डिसेंबर-जानेवारीत द्या. गवत वाळायच्या वेळी, आग लागायच्या आधी.

दुसरं, जागा. वर्गात नको, डोंगरावर न्या. एक जळका तुकडा आणि एक न जळका तुकडा घ्या. काठ्यांची मीटरभर चौकट करा आणि पोरांना मोजायला लावा: गवताच्या जाती किती, झाडांची उगवती रोपं किती, मुंग्या-किडे किती. मघाशी सांगितलेला पाण्याच्या बाटलीचा प्रयोग करायला लावा. सापडलं ते वहीत लिहायला लावा आणि पुढच्या वर्षी त्याच जागी परत न्या. या पानावर कृषी पदवीधर, कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्रातली मंडळी बरीच आहेत. तुमच्यासाठी हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. माती परीक्षणाचा नमुनाही दोन्हीकडचा घ्या. सेंद्रिय कर्बाचा आकडा पोरांसमोर वाचा. माझ्या बडबडीपेक्षा तो कागद जास्त बोलेल.

तिसरं, काम. पोरांना उपदेश नको असतो, काम पाहिजे असतं. मोठ्या माणसांच्या बरोबरीनं जाळरेषेचं गवत कापू द्या. मात्र एक गोष्ट ठासून सांगतो: शाळेच्या पोराला आग विझवायला कधीच पाठवू नका. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त ट्रेकर गेले, आणि ती धडधाकट तरुण माणसं होती. आग वर चढताना माणसापेक्षा वेगानं चढते. पोराचं काम बघायचं आणि कळवायचं. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, ती पाठ करून घ्या. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे मोबाइलवर पाठवते, नाव नोंदवलं की कुणालाही मिळतात. ज्या मोबाइलवर पेटत्या डोंगराचा व्हिडिओ काढतात त्याच मोबाइलवर हे येऊ शकतं. गावातल्या चार पोरांना या कामाची जबाबदारी द्या, नावं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. ज्या पोराचं नाव फळ्यावर आहे ते काडी टाकत नाही, दुसऱ्यालाही टाकू देत नाही.

चौथं, पकडलेलं पोर. आज दोनच गोष्टी होतात: एक तर मारून सोडतात, नाहीतर पुढारी फोन करून सोडवतात. दोन्हीतून ते काही शिकत नाही. कायदा काय म्हणतो ते निदान माहीत असू द्या. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३० अभयारण्यात आग लावायला मनाई करतं, आणि तेच कलम बोरगड-अंजनेरीसारख्या संवर्धन राखीवलाही लागू आहे. पण सोळा वर्षांच्या पोराला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावून डोंगर वाचत नाही. बाल न्याय कायदा २०१५ मध्येच अशा पोराला समाजसेवेचं काम लावायची सोय आहे. मंडळाला तसं सुचवा. जिथे जाळलं तिथेच दोन हंगाम काम, जळक्या तुकड्याची मोजणी, दगडी बांध, पुढच्या वर्षीची जाळरेषा. पुढारी मंडळींना हात जोडून विनंती, तो सोडवायचा फोन करू नका.

पाचवं, आणि हे मोठ्यांसाठी. त्याच कलम २६ मध्ये एक गोष्ट लिहिलीय जी फार कमी लोकांना माहीत आहे. राखीव वनात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लावली गेली, तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद करू शकतं. सगळ्यांचे. लावणाऱ्याला आधीच शिक्षा झालेली असली तरी. एका पोराच्या गमतीची किंमत सगळ्या गावाची गुरं भरतील. इंग्रजाच्या वेळचा कायदा आहे, मला तो आवडतो असं नाही. पण आहे. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला वन राखायचा अधिकार देतं. म्हणजे डोंगर राखायचा हक्कही आपल्याकडे आहे आणि न राखल्याची शिक्षाही आपल्यालाच. यातलं काय निवडायचं ते आपण ठरवायचं.

दुसरीकडे जमलंय

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर उत्तराखंडात बघा. अल्मोडा जिल्ह्यात शीतलाखेत परिसरातल्या गावांनी, त्यात बाया पुढे, आपलं जंगल आगीपासून राखून दाखवलं. त्यांची युक्ती सोपी आहे. शेतातला काडी-कचरा, त्याला तिकडे ओण म्हणतात, तो जाळायचा तर मार्चअखेर जाळून संपवायचा. १ एप्रिल हा ओण दिवस. त्यानंतर कुणी काडी लावायची नाही, कारण त्यानंतर जंगल वाळतं. त्यांनी आधी बांध सुधारला, मग जंगलाविषयी बोलले. आपल्याकडे डोंगर त्यांच्याआधी वाळतो, म्हणून आपली तारीखही आधीची पाहिजे. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याच्या आत डोंगराला लागून असलेले बांध साफ झाले पाहिजेत, आणि तेही कापून. कापलेलं गवत, द्राक्षाच्या काड्या, पाचट बारीक करून खड्ड्यात टाका. ज्या जमिनीला सेंद्रिय कर्ब नाही म्हणून आपण रडतो तिचंच खाद्य आपण पेटवतो, हा विनोद कधी थांबवणार?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पाहिजे तर हरसूलजवळ खोरीपाडा आहे. तिथल्या लोकांनी वनखात्याबरोबर गिधाडांसाठी उपाहारगृह चालवलं, मेलेली जनावरं ठरलेल्या जागी टाकून. गिधाड म्हटलं की नाक मुरडणाऱ्या जगात आदिवासी पाड्यानं ते केलं. आणि आपण, दोन बोअर आणि ट्रॅक्टर असलेले बागायतदार, म्हणतो की पोरं ऐकत नाहीत.

पोरं ऐकतात. ती आपण काय करतो ते बघतात आणि तेवढंच ऐकतात.

२६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आलीय. नुसतं "बरोबर आहे भाऊ" म्हणू नका. खालचा ठराव जसाच्या तसा घ्या, गावाचं नाव घाला आणि मांडा:

१. डोंगराला लागून असलेल्या कुठल्याही बांधावर किंवा शेतात १५ फेब्रुवारी ते पाऊस पडेपर्यंत कुणी काडी लावणार नाही.

२. डोंगरावरचं वाळलं गवत वनखात्याच्या परवानगीनं चिठ्ठ्या टाकून कुटुंबांना वाटायचं, विळ्यानं कापून न्यायचं. ज्या भागात आग लागेल तिथला पुढच्या वर्षीचा वाटा बंद.

३. जाळरेषेसाठी प्रत्येक घरटी एक माणूस, एक दिवस.

४. आठवी ते बारावीच्या मुलांना फेब्रुवारीच्या आत एक दिवस डोंगरावर नेऊन मोजणी करायची. शिकवायला गावातला गुराखी आणि कृषी सहायक, दोघंही.

५. आग लावताना कुणाचाही मुलगा सापडला, सरपंचाचा असो नाहीतर आणखी कुणाचा, सोडवायला कुणी जाणार नाही.

पाचव्या कलमावर सभेत गडबड होईल. ती होऊ द्या. त्या कलमाला कोण विरोध करतं ते मात्र नीट बघून ठेवा.